उभ्या गाडीचे ओरखडे

दारव्ह्यात यवतमाळ रोडला माझं गाड्यांच्या रंगाचं दुकान आहे. इतक्या वर्षांत माझ्याकडे असं गिऱ्हाईक क्वचितच आलं, ज्यानं स्वतःची गाडी स्वतः घासली. प्रत्येकाची गाडी उभी होती. बाजारात उभी होती, दवाखान्यासमोर उभी होती, मेव्हण्याच्या दारात उभी होती, आणि कोणीतरी अनोळखी माणूस येऊन बंपरला ओरखडा काढून निघून गेला. हा अनोळखी माणूस कोण ते मला ठाऊक नाही, पण माझं दुकान त्याच्यावरच चाललं आहे. एखाद्या दिवशी भेटला तर त्याला चहा पाजायचा आहे.

ओरखडा आला की त्याच्यासोबत एक गोष्ट येते. ओरखडा आम्ही बुजवून देतो, बंपर चकाचक होऊन घरी जातो, गोष्ट मात्र गिऱ्हाईक इथंच टाकून जातं. दुकानात रंगाचे अर्धवट डबे साचतात ना, तशा या गोष्टी साचल्या आहेत. डबे निदान उघडून पाहता येतात, कामी येतात. गोष्टींचं काय करायचं? सांगून टाकायच्या.

आमचं मंडळ तिघांचं. रंग मी मिसळतो. हे मला कोणी शिकवलं नाही, चुकीचे रंग मिसळून मिसळून बरोबर यायला लागलं. दुकानामागच्या शेडमध्ये रशीदभाई काम करतो. घासणं, पुट्टी भरणं, स्प्रे-गननं रंग मारणं, सगळं त्याचं. आणि दारातल्या बाकावर नाना बसतात. नाना एस.टी.त कंडक्टर होते, आता रिटायर आहेत. दुकानात त्यांचं काही काम नाही, पण ते आले नाहीत तर आम्हाला करमत नाही. ज्या माणसानं उभं आयुष्य बिनतिकीट प्रवासी हेरण्यात घालवलं, त्याला "गाडी उभी होती" हे पटवणं सोपं नसतं.

* * *

एक साहेब आले. सरकारी ऑफिसातले, कपड्याला इस्त्री, बोलण्यालाही इस्त्री. पुढच्या बंपरचा कोपरा खरवडला होता.

"ऑफिससमोर गाडी उभी होती," साहेब म्हणाले. "एक मोटरसायकलवाला आला, घासून पळून गेला. लोकांना शिस्तच राहिली नाही."

"नंबर नाही घेतला?" नानांनी विचारलं.

"नंबर कुठून घेणार? वाऱ्यासारखा गेला तो."

रशीदभाई खाली बसला. बंपर आणि पत्रा यांच्यामध्ये जी फट असते, तिच्यात त्यानं स्क्रू-ड्रायव्हर फिरवला. आधी थोडी माती निघाली. मग गेरूचा लाल भुगा निघाला. मग तुळशीची एक वाळलेली मंजिरी निघाली. ती त्यानं हातावर घेतली आणि साहेबांसमोर धरली.

साहेब मंजिरीकडे पाहू लागले. आम्ही साहेबांकडे पाहू लागलो.

नाना म्हणाले, "साहेब, मोटरसायकलवाला मोठा धार्मिक माणूस दिसते. वृंदावन घेऊनच फिरून राह्यला."

साहेब हसले, हे त्यांचं मोठेपण. मग हळूच म्हणाले, "बंपरचं होईल हो. घरी वृंदावनाचं काय करू ते सांगा." रशीदभाईनं गेरूचा रंगही माझ्याच दुकानातून बांधून दिला.

* * *

बंपर प्लास्टिकचा असतो. वरचा ओरखडा हलका असला, नखाला अडकत नसला, तर नुसतं रबिंग कंपाउंड, म्हणजे घासायची पेस्ट, लावून कापडानं घासलं की निघतो. हे मी प्रत्येकाला सांगतो. पण घरोघरी दुसरे वैद्य असतात. कोणी टूथपेस्ट लावतं, कोणी खोबरेल तेल लावतं.

कापसाच्या एका व्यापाऱ्याच्या काळ्या गाडीला बोटभर ओरखडा पडला. तो आमच्याकडे निघालाच होता, तेवढ्यात त्याच्या बायकोनं त्याला थांबवलं.

"एवढ्याशासाठी दुकानात कायले जाता? मी करते."

तिनं भांडी घासायची तार घेतली, साबण घेतला, आणि दिवाळीची पितळी भांडी घासतात त्या मायेनं अख्खा बंपर घासून काढला. दुसऱ्या दिवशी गाडी माझ्या दारात उभी. काळा बंपर करडा झाला होता. वरून खालपर्यंत कंगवा फिरवल्यासारखा दिसत होता.

बाई सोबत आल्या होत्या. कंबरेवर हात ठेवून त्यांनी रशीदभाईला विचारलं, "आता सांगा भाऊ, तो ओरखडा दिसते का?"

रशीदभाईनं बंपर डावीकडून पाहिला, उजवीकडून पाहिला. "नहीं दिखता, भाभी. बिलकुल नहीं. अब पूरा बंपरच ओरखडा हो गया, उसमें वो बिचारा कहाँ दिखेगा?"

व्यापाऱ्यानं त्या दिवशी घरी जाताना रशीदभाईचा हात हातात घेऊन दाबला. जे त्याला जमलं नव्हतं, ते दुसऱ्या कोणीतरी बोलून दाखवलं होतं.

* * *

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे वेगळ्याच गाड्या येतात. बैलांची शिंगं आदल्या दिवशी रंगवलेली असतात. बैल तोरणाखाली उभे राहून कंटाळतात, शेजारी कोणाची गाडी लागलेली असते, बैलाला शिंग खाजवावंसं वाटतं. बंपर त्याला अगदी बरोबर उंचीवर सापडतो.

असेच एक डॉक्टर आले. शहरातून नवीन बदलून आलेले, गाडीही नवी, पांढरीशुभ्र. पोळा पाहायला म्हणून गेले आणि बंपरवर जांभळा-हिरवा पट्टा घेऊन परत आले. सोबत बैलाचा मालक किसनराव. बिचारा स्वतःहून आला होता, मान खाली घालून.

"बंपर बदलावाच लागेल," डॉक्टर म्हणाले. "केवढा खोल गेलाय बघा."

"डॉक्टरसाहेब, माहा बैल गरीब हाय," किसनराव म्हणाला. "त्याले लहान लेकरू बी हात लावते. तुमची गाडी त्याले आवडली असन."

"आवडली म्हणून शिंग मारतं का कोणी?"

"मारलं नाही साहेब. लाडानं घासलं."

रशीदभाईनं दोघांनाही बाजूला केलं. फडक्यावर थोडं टर्पेंटाइन घेतलं, हलक्या हातानं पुसलं. जांभळा निघाला, हिरवा निघाला, खालचा पांढरा जसाच्या तसा. ओरखडा नव्हताच, नुसता रंग लागला होता. वरून पॉलिशचा हात मारला. डॉक्टरांचा चेहरा असा उजळला की विचारू नका. त्यांनी किसनरावाच्या खांद्यावर हात टाकला, "जाऊ द्या काका, मिटलं."

पण किसनराव काही हसेना. तो त्या फडक्याकडे पाहत होता. मग माझ्याकडे वळला.

"शेठ, हा कलर तुमच्याच दुकानातला हाय."

"असेल," मी म्हणालो.

"असन नाही, हायच. तुम्ही म्हणलं होतं का पुढच्या पोळ्यापर्यंत निघत नाही. हा त एका फडक्यात निघाला."

आता मान खाली घालायची पाळी माझी. डॉक्टर माझ्या दुकानातून सुटले, बैल सुटला, अडकलो मी एकटा. नानांनी बाकावरून मदत केली म्हणायची. म्हणाले, "किसनराव, शेठजीनं शिंगाची गॅरंटी देल्ली होती. बंपरची कुठं देल्ली होती?"

* * *

आता मुकुटबनच्या जावयाची गोष्ट. म्हणजे जावई आमचा नव्हे, दारव्ह्याच्या एका घरचा. सासुरवाडीला आला की माझ्या दुकानात हमखास चक्कर. एकदा त्याचा फोन आला.

"शेठ, बंपरले थोडंसं लागलं. पांढऱ्या कलरचा डबा पाठवून द्या."

"पांढरे शंभर तऱ्हेचे असतात," मी म्हणालो. "कंपनीचा पांढरा निघाला तेव्हा वेगळा, उन्हात उभा राहून झाला तो वेगळा. बंपर डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी कलर देत नाही."

"पाहाच लागन?"

"पाहाच लागेल."

मला वाटलं, येईल गाडी घेऊन. दुसऱ्या दिवशी दुपारी एस.टी. स्टँडकडून एक माणूस चालत येताना दिसला. त्याच्या डोक्यावर काहीतरी लांबलचक, पांढरं, वाकडं. रस्त्यावरचे लोक थांबून पाहत होते. जवळ आला तेव्हा कळलं, जावईच होता. गाडी घरी ठेवून त्यानं बंपर तेवढा खोलून आणला होता. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाच्या मुकुटबनहून, गाड्या बदलत बदलत, एस.टी.नं.

"अरे बावा, गाडी काहून नाही आणली?" मी म्हणालो.

"तुम्ही कुठं म्हणलं गाडी पाहाची हाय? तुम्ही म्हणलं बंपर पाहाचा हाय."

रशीदभाईनं बंपर शेडमध्ये आडवा ठेवला आणि बोट फिरवू लागला. "जवाईबापू, तुम तो बोले थोडासा लगा है. ये तो कहाँ कहाँ लगा है."

"निघतानी एकच होता," जावई म्हणाला. "हा बारीक मुकुटबनचा. हे लांबके यवतमाळ स्टँडवरचे, चढतानी दाराले लागलं. अन हा गोल हाय ना, तिथं एका बाईनं पितळी डबा ठेवलता."

नानांचं मात्र लक्ष तिसरीकडेच होतं. इतका वेळ ते गंभीर चेहऱ्यानं बंपरची लांबी डोळ्यांनी मोजत होते.

"कंडक्टरनं याचं तिकीट फाडलं का?" त्यांनी विचारलं.

"हाफ फाडलं."

"चुकलं त्याचं." नानांच्या आवाजात खात्याची सगळी सेवा होती. "सीट अडवली म्हणजे फुल लागते."

* * *

एका कार्यकर्त्याची गोष्ट तर अशी की तो ओरखडा काढायला आलाच नव्हता, जपायला आला होता. उमरखेडकडे कुठंतरी मोठी सभा होती. गर्दीत त्याच्या उभ्या गाडीला एका मोठ्या साहेबांची गाडी घासून गेली. यावेळी गाडी खरोखर उभी होती, साक्षीदार होते.

"बाकी गाडी चकाचक करा," तो म्हणाला, "पण याले हात लावायचा नाही. हा साहेबांच्या गाडीचा हाय."

मला वाटलं, थट्टा करतोय. पण त्यानं फोनमध्ये फोटो काढून ठेवले होते. चौकात गाडी लावायचा तेव्हा बंपर रस्त्याच्या बाजूला करून लावायचा. लोकांनी विचारलं पाहिजे आणि त्यानं सांगितलं पाहिजे. त्याच्या हट्टापायी रशीदभाईनं त्या ओरखड्यावरून क्लिअरचा, म्हणजे पारदर्शक लेपाचा, हात मारून दिला, म्हणजे ऊन-पावसानं तो पुसट होऊ नये. आमच्या धंद्यात असं काम आम्ही पहिल्यांदा केलं.

पुढं निवडणूक आली. साहेब एका सकाळी दुसरीकडे गेले. कोणत्या पक्षातून कोणत्या पक्षात, ते सोडून द्या. कार्यकर्ता दुसऱ्याच दिवशी दुकानात. गाडी आज त्यानं भिंतीकडे तोंड करून लावली होती.

"ते काढून टाका," तो म्हणाला. "लोक इचारून राह्यले."

रशीदभाईनं नखानं चाचपून पाहिलं. "वक्त लगेगा भाऊ. तुमनेच पक्का करवाया था. क्लिअर के नीचे गया है, ऐसे नहीं निकलता."

कार्यकर्ता बाकावर नानांशेजारी येऊन बसला. नानांनी त्याच्यासाठी चहा सांगितला. चहा आला. मग नाना फार मायेनं म्हणाले, "साहेब कसे पटकन निघाले पण."

* * *

आता गुलाबकाकांची गोष्ट.

गुलाबकाका दारव्ह्याजवळच्या एका तांड्यावरचे. जुन्या काळी त्यांच्या घरचे लोक बैलांच्या पाठीवर माल लादून गावोगाव फिरायचे. आता कापूस आहे, सोयाबीन आहे, आणि दारात पोरानं घेतलेली एक चंदेरी गाडी आहे. पोरगा नागपूरला कंपनीत. गाडी चालवते सून, सरिता. सरिता आडबाजूच्या एका गावी उपकेंद्रात नर्स आहे. तिथं एस.टी. दुपारी जाते, म्हणजे दवाखाना उघडून बंद व्हायच्या वेळेला.

तांड्यावर तोवर एकाही बाईनं गाडीला हात लावलेला नव्हता. लोकांनी काकांना बोलून बोलून बेजार केलं. शेवटी काकांनी सगळ्यांदेखत सुनेला सांगितलं, "चालव. पण ज्या दिवशी गाडीले ओरखडा दिसला, त्या दिवशी किल्ली माह्या हातात."

किल्ली गेली म्हणजे काय, हे सगळ्यांना माहीत होतं. एक तर नोकरी सोडायची, नाहीतर त्या गावात खोली करून राहायचं. घरी तिची लहान मुलगी होती, दिवसा आजीजवळ राहणारी. खोली करायची तर लेकराला सोडून जायचं.

काका शब्दाचे पक्के. बैल घरी आला की जसे खूर पाहतात, खांदा पाहतात, तसे ते रोज संध्याकाळी गाडीभोवती एक फेरी मारायचे.

मागच्या उन्हाळ्यात एका दुपारी सरिता दुकानात आली. मागच्या बंपरचा डावा कोपरा उपकेंद्राच्या गेटला लागून खरवडला होता, चांगला हातभर. तिनं गाडी उभी होती वगैरे काही म्हटलं नाही. "रिव्हर्स घेतानी लागली," एवढंच म्हणाली. आणि मग, "दादा, घरी जाच्या आंधी होईन का?"

नानांनी प्रश्न विचारला नाही. रशीदभाई जेवत होता, तो अर्ध्या डब्यावरून उठला.

चंदेरी रंग सगळ्यात वाईट. समोरून जमतो, बाजूनं पाहिला की ठिगळ दिसतं. मी मिसळत होतो, पुसत होतो, पुन्हा मिसळत होतो. रशीदभाईनं ओरखडा पॉलिशपेपरनं घासला, पुट्टी भरली, प्रायमर मारला, रंगाचे हात मारले. दारव्ह्याचं ऊन त्या दिवशी आमच्या उपयोगी पडलं, रंग पटापट सुकत होता. सरिता शेडच्या दारात उभी होती. तिनं पाणीसुद्धा घेतलं नाही. मधेच फोन वाजला, तिकडून तिच्या मुलीचा आवाज येत होता. "येऊन राह्यली बेटा," ती म्हणाली, "थोडं काम हाय."

गाडी गेली. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं तांड्याच्या रस्त्याकडे पाहत बसलो होतो. चंदेरी गाडी काही आली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी चंदेरी गाडी रोजच्या वेळेला दुकानावरून गेली. चालवत सरिताच होती; आदल्या दिवशी तिची सुट्टी होती, हे नंतर कळलं.

त्यानंतर काका बाजाराच्या दिवशी आले की बाकावर टेकायचे आणि हटकून म्हणायचे, "शेठ, तुमच्या धंद्याले आमच्या घरून काही भेटत नाही बरं. माह्या सुनेच्या गाडीले अजून नखाएवढा ओरखडा नाही." नाना तेव्हा चहाच्या कपात असे बघायचे, जसं काही आत माशी पडली आहे.

दिवाळी झाल्यावर एका रविवारी तीच गाडी दारात येऊन थांबली. पुतण्या चालवत होता. शेजारच्या सीटवरून काका उतरले. सून आणि घरधनीण लग्नाला गेल्या होत्या. घरी कोणी नाही असं पाहून काकांनी गाडी वावरात काढली होती, हात साफ करायला. मागं घेताना ती उभ्या बैलबंडीच्या चाकाला नेऊन लावली.

"सांजेले सून वापस येते," काका म्हणाले. "त्याच्या आंधी झालं पाह्यजे. तिले दिसलं नाही पाह्यजे."

आम्ही गाडीच्या मागं गेलो. मागचा बंपर. डावा कोपरा.

रशीदभाईनं माझ्याकडे पाहिलं. मी काकांना म्हणालो, "चला काका, समोर चहा घेऊ. याले वेळ लागते."

"चहा इथंच सांगा. मले पाहू द्या."

त्यांनी स्टूल ओढलं आणि बंपरच्या अगदी समोर बसले. नानांनी सोयाबीनचा विषय काढून पाहिला. मी पाऊसपाण्याचा काढला. काका हूं हूं करत होते, डोळे बंपरवर. रशीदभाईनं पॉलिशपेपर पाण्यात भिजवला. एवढ्या हळू घासताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. पण कितीही हळू घासलं तरी घासायचं तर होतंच. चंदेरी रंग गेला, खालून करडं प्रायमर दिसायला लागलं, आणि मग त्याच्यात पिवळट पुट्टीचं एक बेट उघडं पडलं, चांगलं हातभर.

"हे काय हाय?" काकांनी विचारलं.

"पुट्टी," रशीदभाई म्हणाला.

"कंपनीतूनच भरून येते?"

रशीदभाई खोटं बोलत नाही, आणि खरं बोलायची त्याची हिंमत होईना. त्यानं बंपरवर पाणी मारलं. काकांनी पुढं वाकून ओल्या पुट्टीवर बोट फिरवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग बोटाला लागलेला पिवळा लेप धोतराला पुसला. पुतण्या काहीतरी बोलायला गेला, त्याला त्यांनी त्यांच्या बोलीत एका शब्दात गप्प केलं. गाडीची किल्ली त्यांनी पुतण्याकडून मागून घेतली आणि मुठीत धरून बसले. 

"मी त रोज पाह्यतो गाडी," काका म्हणाले. "मले दिसलं नाही."

"नहीं दिखना था, काका," रशीदभाई म्हणाला.

"म्हणजे तवा कलर बराबर जमला होता."

"जमला होता," मी म्हणालो.

काकांनी मान हलवली. किल्ली पुतण्याच्या हातात परत दिली आणि स्टूल थोडं मागं सरकवलं.

"मंग तोच मारा," ते म्हणाले. "अन जरा लवकर करा. सकायी सूनबाईले ड्युटीवर गाडी लागते."